भाषणाचा आराखडा आणि टाचण : सात मिनिटांच्या एका भाषणाची पहिल्यापासूनची तयारी

काही वर्षांपूर्वी ३ जानेवारीला एका शाळेच्या पटांगणावर सावित्रीबाई फुले जयंतीचा कार्यक्रम होता. नववीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पहिली दोन मिनिटं झकास गेली आणि "त्या काळी" या शब्दांवर ती अडली. पुन्हा म्हणाली, "त्या काळी..." पुढचं काही येईना. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तशी ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

तिला विषय येत नव्हता असं अजिबात नाही. आठवडाभर आधी ती माझ्यापाशी बसून सावित्रीबाईंबद्दल अर्धा तास भरभरून बोलली होती. चूक माझी होती. तिला चार पानांचं भाषण मीच लिहून दिलं होतं आणि पाठ कर म्हणून सांगितलं होतं. पाठांतरात एक शब्द सुटला की पुढचं सगळंच सुटतं, कारण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या शेपटीला बांधलेलं असतं. त्या दिवसापासून मी कुणालाही भाषण लिहून देत नाही. आराखडा कसा करायचा आणि टाचण कसं काढायचं, एवढंच शिकवते. खाली जे सांगते आहे ते त्याच विषयावरच्या सात मिनिटांच्या भाषणाच्या आधारानं सांगते, म्हणजे प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर दिसेल.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आराखडा आणि टाचण हे दोन वेगळे कागद आहेत. आराखडा घरी बसून करायचा. भाषण कशावर उभं राहणार, काय आधी, काय नंतर, काय गाळायचं, हे त्यात ठरतं. टाचण हातात घेऊन व्यासपीठावर जायचं. ऐन वेळी जे निसटेल तेवढंच त्यात असतं. बहुतेकजण एकाच कागदाकडून ही दोन्ही कामं करून घ्यायला जातात आणि तो कागद धड एकाच्याही उपयोगी पडत नाही.

लिहायला बसण्याआधी एक फोन

आयोजकांना फोन करा. वेळ किती, आपल्या आधी आणि नंतर कोण बोलणार, समोर कोण बसणार, पोडियम आहे का, माइक स्टँडवर आहे की हातात धरायचा, हे सगळं विचारून घ्या. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण माइक हातात धरायचा असेल तर कार्डांसाठी एकच हात उरतो. मग चार कार्डं उलटणं जमत नाही, दोनातच भागवावं लागतं.

वेळेबद्दल माझा ठाम सल्ला आहे. तुम्हाला दहा मिनिटं सांगितली असतील तर सात मिनिटांचं भाषण तयार करा, आणि त्यातला एक तुकडा असा ठेवा की तो काढला तरी बाकीचं भाषण लंगडं होणार नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार हे सगळं होईपर्यंत कार्यक्रम हमखास लांबलेला असतो आणि सूत्रसंचालक कानाशी येऊन "थोडक्यात घ्या" म्हणतोच.

सूत्रवाक्य

आता कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा: श्रोते घरी गेल्यावर त्यांनी घरच्यांना काय सांगावं? ते तुमचं सूत्रवाक्य. "सावित्रीबाई फुले यांचे जीवनकार्य" हा विषय झाला, सूत्र नव्हे. जीवनकार्य सांगायला बसलात की ३ जानेवारी १८३१, नायगाव इथून सुरुवात होते आणि १० मार्च १८९७ ला भाषण संपतं. ते प्रत्येक शाळेत दरवर्षी होतं. मुलं चुळबुळत ऐकतात आणि आपण मात्र एका थोर बाईंची तारखांची यादी करून टाकतो. मला याचं फार वाईट वाटतं.

त्या मुलीबरोबर पुढच्या वर्षी मी पुन्हा बसले तेव्हा तिला एवढंच विचारलं, "तुला स्वतःला यातलं काय आवडतं?" ती लगेच म्हणाली, "त्या नुसतं सांगत नव्हत्या, स्वतः करत होत्या." झालं. सूत्रवाक्य तिनंच दिलं होतं. आम्ही ते जरा नीट मांडलं: सावित्रीबाईंनी जे जगाला सांगितलं ते आधी स्वतःच्या हातांनी केलं. यातला 'हात' हा शब्द पुढे फार कामाला आला.

सूत्रवाक्य मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन दिवस लागले तरी चालतील, त्यानंतरची कामं भराभर होतात.

चिठ्ठ्या

माहिती वहीत लिहू नका. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा. कोपऱ्यात ती कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर मिळाली ते नोंदवा. आमच्याकडे वीस-बावीस चिठ्ठ्या झाल्या होत्या: १८४० मधलं लग्न, लग्नानंतर जोतीरावांकडून शिकणं, १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा, रस्त्यात अंगावर फेकलेलं शेण आणि चिखल, शाळेच्या कामात फातिमा शेख यांची साथ, १८५४ चा 'काव्यफुले' हा संग्रह, बालहत्या प्रतिबंधक गृह (म्हणजे अडलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा देणारं घर), १८७३ मधला सत्यशोधक समाज, १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत धरलेलं टिटवं (प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, रूढीनं ते पुरुषच धरत), १८९७ चा प्लेग, २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला दिलेलं त्यांचं नाव, असं बरंच.

इथे दोन खबरदाऱ्या. बालहत्या प्रतिबंधक गृहाचं साल काही पुस्तकांत १८५३ तर काहींत १८६३ छापलेलं आढळतं. असं झालं की भाषणात साल सांगूच नका. ऐकणाऱ्याला त्या घरात काय घडलं हे हवं असतं, सालाविना त्याचं काही अडत नाही. दुसरी गोष्ट, मोबाईलवर फिरणारी थोरामोठ्यांची वचनं. मूळ पुस्तकात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं नसेल तर ते वाक्य कुणाच्याही तोंडी घालू नका. व्यासपीठावरून सांगितलेली खोटी गोष्ट मुलांच्या वहीत उतरते आणि पुढे वर्षानुवर्षं तशीच चालते.

मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि एकेक उचलून सूत्रवाक्याशी ताडून पाहा. ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातांनी केली का? सत्यशोधक समाजाची चिठ्ठी बाजूला गेली. विद्यापीठाच्या नावाची गेली, कारण तो नंतरच्यांनी केलेला गौरव. लग्नाची गेली. 'काव्यफुले'वर आम्ही बराच वेळ अडलो. लिहिणं हे हाताचंच काम, शिवाय मुलीला त्यातल्या कविता आवडत होत्या. पण सात मिनिटांत कविता उरकून टाकणं हा कवितेवर अन्याय झाला असता, म्हणून तीही बाजूला ठेवली. पोटाला चिमटा काढून ठेवली. गाळलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. भाषणानंतर कुणी प्रश्न विचारला तर त्याच उपयोगी पडतात.

हातात चार गोष्टी उरल्या: शाळा, विधवांसाठीचं घर, टिटवं, प्लेग. सात मिनिटांना चार पुरतात. पाच घेतल्या की धावाधाव सुरू होते.

क्रम लावणं

कालक्रम हा सगळ्यात सोपा क्रम आहे आणि बहुतेक वेळा सगळ्यात मिळमिळीत. नारदीय कीर्तन ज्यांनी ऐकलं असेल त्यांना पूर्वरंग आणि उत्तररंग ठाऊक आहेत. बुवा पूर्वरंगात विषय मांडून ठेवतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि अखेरीस पुन्हा मूळ पदावर येतात. मूळ पदावर परत येण्याची ही रीत भाषणाला उसनी घ्यावी, कारण सुरुवातीला ऐकलेलं शेवटी नव्या अर्थानं कानावर आलं की माणूस ते विसरत नाही.

आमच्या चार चिठ्ठ्यांत अशी एक जागा दडली होती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात आणलं. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. तो दवाखाना कुणाचा? डॉक्टर यशवंत यांचा. यशवंत कोण? फुले दांपत्यानं आसरा दिलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, ज्याला या दोघांनी दत्तक घेऊन वाढवलं. म्हणजे ज्या बाळाला या हातांनी उचललं त्याच्याच दवाखान्यात हे हात शेवटचा रुग्ण घेऊन गेले. ही सांगड तिच्या लक्षात आली तेव्हा ती काही क्षण बोललीच नाही. मलाही तो क्षण अजून आठवतो.

म्हणून ठरलं की सुरुवात मुंढव्यापासून करायची, पण दवाखाना कुणाचा ते सांगायचं नाही. काशीबाईंच्या बाळाची गोष्ट सांगायची, पण बाळाचं नाव सांगायचं नाही. दोन्ही नावं शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवायची.

आराखडा असा झाला:

सूत्र: जे सांगितलं ते आधी स्वतःच्या हातांनी केलं.
१. मुंढवा, १८९७. पाठीवर मूल. (दीड मिनिट)
सांधा: ६६ वर्षांच्या बाईंच्या अंगात हे बळ आलं कुठून? एकोणपन्नास वर्षं मागे जाऊ.
२. पुणे, १८४८. वय १७. शाळा, शेण-चिखल, जवळ ठेवलेली दुसरी साडी, फातिमा शेख. (दोन मिनिटं)
सांधा: मुली शाळेत येऊ लागल्या. पण ज्यांना घरातूनच बाहेर काढलं जायचं त्यांनी कुठे जायचं?
३. विधवांसाठी घर. काशीबाई. बाळ, नाव न सांगता. (दीड मिनिट)
सांधा: रूढी मोडायला लोकांना सांगणं निराळं. स्वतःच्या दुःखात ती मोडणं निराळं.
४. २८ नोव्हेंबर १८९०. जोतीरावांचं निधन, टिटवं. (एक मिनिट, गाळता येईल)
५. परत मुंढव्याच्या वाटेवर. दवाखाना कुणाचा? (एक मिनिट)

यातले सांधे पाहा. भाषण मोडतं ते बहुतेक सांध्यावर. एक मुद्दा संपतो, पुढचा आठवेपर्यंत "तर... आणि... तसंच" सुरू होतं. त्यामुळे सांध्याचं वाक्य आराखड्यातच पूर्ण लिहून ठेवा. "आता आपण पुढच्या मुद्द्याकडे वळू" हे वाक्य कुणालाच कुठे नेत नाही. प्रश्न विचारा, किंवा दोन गोष्टी समोरासमोर ठेवा. ऐकणारा आपसूक पुढे येतो. चौथा तुकडा काढला तर तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर कसं जायचं, तेही एका वाक्यात लिहून ठेवलं होतं: "वर्षं गेली, ते बाळ मोठं झालं, आणि पुण्यात प्लेग आला."

मिनिटांचा हिशेब अंदाजानं करू नका. घड्याळ लावून एखादा उतारा व्यासपीठावर बोलाल तशा गतीनं मोठ्यानं वाचा आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते मोजा. माझे शंभरच्या आसपास होतात, तिचे घाईत सव्वाशेवर जात होते. प्रत्येकाचा आकडा वेगळा, तो स्वतःच काढावा लागतो.

टाचण

आता आराखडा बाजूला ठेवून दोनदा उभं राहून बोला. हातात काही नको. जिथे अडाल तिथे पेन्सिलीनं आराखड्यावर खूण करा. टाचणात जायचं ते या खुणांवरून ठरतं. मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून तो टाचणात जात नाही. तो निसटतो म्हणून जातो. मुलीला शेण-चिखलाचा प्रसंग एकदाही विसरायला झाला नाही, तो कार्डावर एका शब्दात आटोपला. फातिमा शेख हे नाव मात्र दोन्ही वेळा राहून गेलं, म्हणून ते ठळक आलं.

कागद पातळ नको. हात थोडा जरी थरथरला तरी पातळ कागद तो सगळ्या सभेला दाखवतो, आणि वर पंखा असेल तर विचारूच नका. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं घ्या, एकाच बाजूला लिहा, वर उजव्या कोपऱ्यात क्रमांक घाला, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवा. कार्डं खाली पडली तरी क्रम मोडत नाही. अक्षर एवढं मोठं हवं की हातभर अंतरावरून, चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. एका कार्डावर आठ-नऊ ओळींपेक्षा जास्त मावत नसेल तर ते बरंच आहे.

मोबाईलवरून बोलू नका असं मी आग्रहानं सांगते. पडदा मिटतो, बोट लागून मजकूर वर-खाली सरकतो, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. शिवाय समोरच्याला तुम्ही निरोप वाचताय असंच वाटतं.

पूर्ण वाक्यं फक्त मोजक्याच ठिकाणी लिहायची: पहिलं वाक्य, सांधे आणि शेवटचं वाक्य. उभं राहताना घसा कोरडा पडलेला असतो म्हणून पहिलं. शेवटचं नसेल तर माणूस थांबावं कसं ते न कळून गोल गोल फिरत राहतो. बाकी सगळीकडे शब्दच. मधल्या भागात पूर्ण वाक्य लिहिलंत की डोळे ते वाचू लागतात आणि तुमचा आवाज धडा वाचल्यासारखा सपाट होतो.

तिचं दुसरं कार्ड मी उतरवून ठेवलं आहे. ते असं होतं:

२ (साडेतीन मिनिटं झालेली असावीत)
"ज्यांना घरातूनच बाहेर काढलं जायचं त्यांनी कुठे जायचं?"
घर – दार उघडं
काशीबाई
बाळ – नाव नाही सांगायचं!
[ टिटवं – अठराशे नव्वद – स्वतः पुढे ]
परत: मुंढवा, पाठीवर मूल
दवाखाना कुणाचा? – थांब
"त्या डॉक्टरांचं नाव यशवंत. काशीबाईंचं ते बाळ."

चौकटी कंस म्हणजे वेळ कमी पडला तर गाळायचा भाग. 'थांब' हा शब्द लाल शाईनं लिहिला होता, कारण सरावात ती प्रश्न विचारून लगेच उत्तर देऊन टाकत होती आणि लोकांना विचार करायला वेळच मिळत नव्हता. आणि सालं पाहा, अक्षरांत आहेत. आकडा दिसला की क्षणभर मनात तो फोडावा लागतो. मराठी माध्यमातल्या मुलांचीही 'अठ्ठेचाळीस'वर आणि 'सत्त्याण्णव'वर जीभ अडखळते. इंग्रजी माध्यमातल्यांचं तर विचारायलाच नको. म्हणून साल जसं उच्चारायचं तसंच लिहा.

पाहुण्यांची नावं या कार्डांवर घालू नका. त्यांचं वेगळं कार्ड करा आणि कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालकाकडून पदासकट तपासून घ्या. कोण आलं, कोण आलं नाही हे तिथेच कळतं. मी तर सांगते की सगळ्यांची नावं घेण्याचं काम प्रास्ताविकात झालेलं असतं. आपण "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" एवढं म्हणून पहिल्या वाक्याला हात घालावा. एखाद्या ठिकाणी नावं घेणं भागच असेल तर ती मिनिटं सातात धरा.

सराव

कार्डं हातात घेऊन किमान पाच वेळा उभं राहून बोला. दर वेळी वाक्यं वेगळी येतील. येऊ द्या, तीच खूण आहे की तुम्ही पाठ म्हणत नाही, बोलताय. तिसऱ्या वेळी मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं होतं, पण कुठल्या शब्दाचा शेवट तुम्ही गिळता आणि कुठे धावता ते इतक्या स्पष्टपणे दुसरं कुणी सांगणार नाही. एकदा चौकटी कंसातला भाग गाळून म्हणून पाहा. एकदा घरातल्या कुणाला तरी मध्येच बोलायला लावा आणि कार्डावर नजर टाकून पुन्हा धागा पकडता येतो का ते बघा.

सरावात कार्डावर शब्द वाढायला लागले तर समजा की आराखड्यात गडबड आहे. कार्ड गच्च करण्याऐवजी आराखड्याकडे परत जा. बहुतेक वेळा एखादा सांधा कच्चा निघतो. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री काही बदलू नका. नवीन मुद्दा कितीही छान सुचला तरी तो पुढच्या भाषणासाठी.

व्यासपीठावर

पोडियम असेल तर कार्डं त्यावर शेजारी शेजारी ठेवा. नसेल तर छातीपेक्षा थोडी खाली धरा, म्हणजे मान न वाकवता नजर जाते. पहायची पद्धत अशी: वाक्य पुरं करा, थांबा, कार्ड पाहा, मान वर करा, मग बोला. खाली बघत बोलायचं नाही. तो दोन सेकंदांचा थांबा तुम्हाला युगासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र तो हवा असतो, तेवढ्यात त्याच्या मनात आधीचं वाक्य मुरतं.

अडलातच तर शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा आणि कार्डावरच्या पुढच्या ठळक शब्दावर जा. मधलं काय सुटलं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. माफी मागू नका. आधीच्या वक्त्यानं तुमचाच प्रसंग सांगून टाकला, असं जयंतीच्या कार्यक्रमात हमखास होतं. तेव्हा "आत्ताच आपण ऐकलं की..." म्हणून त्याचा आधार घ्या आणि तुमचं सूत्र त्याला जोडा. सूत्र तुमचं असल्यामुळे ते कुणी आधी सांगितलेलं नसतं.

शेवटचं वाक्य झालं की थांबा. "जय हिंद, जय महाराष्ट्र" म्हणायची पद्धत आहे, ती जरूर पाळा, पण मध्ये एक श्वास जाऊ द्या. त्या मुलीनं दहावीत असताना हेच भाषण केलं. कार्यक्रम लांबला होता, टिटव्याचा प्रसंग गाळावा लागला. "काशीबाईंचं ते बाळ" म्हणून ती थांबली तेव्हा पटांगणात मागच्या रांगेतलं कुणीतरी "अरे!" असं पुटपुटलेलं मला ऐकू आलं.

घरी आल्यावर त्याच दिवशी कार्डाच्या मागच्या बाजूला तीन नोंदी करा: प्रत्यक्षात किती मिनिटं लागली, लोक कुठे शांत झाले, कुठे चुळबुळले. तिच्या कार्डामागे लिहिलं होतं: सहा मिनिटं, बाळापाशी शांत, फातिमा शेख यांच्यावर अजून सांगायला हवं होतं.